चिनी मातीचं पित्ताशय

पित्ताशय म्हणजे यकृताखाली दडलेली मऊ, पातळ पिशवी. तिच्यात वर्षानुवर्षं खडे राहिले, सूज येत-जात राहिली, की क्वचित कुणाच्या पित्ताशयाच्या भिंतीतच कॅल्शियम साचू लागतं. ती भिंत निळसर, कडक आणि ठिसूळ होते. फ्लोर्केन यांनी १९२९ मध्ये अशा पित्ताशयांचं वर्णन करताना चिनी मातीची उपमा दिली, आणि ‘पोर्सिलेन गॉलब्लॅडर’ हे नाव वैद्यकात रुजलं.

नाव शस्त्रक्रियेच्या टेबलावरचं, पण ओळख पटू लागली ती क्ष-किरणांनी. पित्ताचे बहुतेक खडे साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत. पित्ताशय फिल्मवर उमटावं म्हणून ग्रॅहम आणि कोल यांना १९२४ मध्ये सेंट लुईसला रुग्णाच्या शिरेत खास रसायन सोडावं लागलं होतं. कॅल्शियम धरलेली भिंत मात्र कशाच्याही मदतीशिवाय, उजव्या बरगड्यांपाशी पांढऱ्या वक्र रेषेसारखी उमटते.

त्या रेषेचा धसका बसला तो १९६० च्या दशकात. अर्जेंटिनातल्या एटाला यांना अशा २६ पित्ताशयांपैकी १६ मध्ये कर्करोग आढळला. मग नियमच झाला: रेष दिसली, की पित्ताशय काढा. दुखत नसलं तरी काढा.

सोनोग्राफी आली आणि निदान सोपं झालं, तसंच फसवंही. कडक भिंतीवरून ध्वनी परततो, मागे काळी सावली पडते. खड्यांनी गच्च भरलेलं पित्ताशयही जवळजवळ तसंच दिसतं. खड्यांच्या वर भिंतीची वेगळी रेघ दिसते का, हे तिथे बारकाईनं पाहावं लागतं. भिंतीत वायू धरणारा गंभीर संसर्गही असाच चकवतो. त्याची सावली मळकट असते. केन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सोनोग्राफी व सीटी स्कॅनमधली या आजाराची रूपं मांडली. शंका उरली तर सीटी सर्वांत भरवशाचा, कारण कॅल्शियम भिंतीत आहे की आतल्या खड्यात, ते त्यात उघड दिसतं. एमआरआय इथे कमी पडतो. कॅल्शियम त्यात नीट दिसत नाही.

२००१ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या स्टीफन आणि बर्जर यांनी काढलेल्या २५,९०० पित्ताशयांची नोंद तपासली. भिंतीत कॅल्शियम असलेली ४४ निघाली, त्यांतल्या फक्त २ मध्ये कर्करोग होता. दोन्हींत कॅल्शियम आतल्या अस्तरात तुटक-तुटक साचलेलं होतं. सगळी भिंत सलग कडक झालेल्यांत कर्करोग एकातही नव्हता. जुन्या काळी बहुधा आजार बळावलेलेच रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचत, म्हणून ते आकडे इतके भयंकर निघाले असावेत, असं मला वाटतं.

तेव्हा ‘भिंतीत कॅल्शियम’ एवढाच रिपोर्ट आता अपुरा आहे. ते सलग आहे की तुटक, आणि शेजारी गाठ किंवा जाड झालेला भाग आहे का, हे लिहायलाच हवं. उत्तर भारतात, गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे. तिथल्या रुग्णाला बॉस्टनचा दिलासा जसाच्या तसा देणं मला पटत नाही.