जमिनीचा धनी कोण ? एका खंडित महजराचा विचार

गतवर्षीं पुणें प्रांतांतील एका गांवचे दोन गृहस्थ, नात्यानें चुलते-पुतणे, मोडी कागदांचा एक रुमाल घेऊन आमच्याकडे आले. ओढ्याकांठच्या एका शेताचा धनी कोण, याविषयीं त्यांचा शेजारच्या घराण्याशीं बहुत दिवसांचा कज्जा आहे. "आमच्यापाशीं महजर आहे, गुरुजींनीं तो वाचून द्यावा, म्हणजे काम झालें," असें चुलत्यांचें म्हणणें. वाद अद्याप मिटलेला नसल्यामुळें गांवाचें व घराण्यांचें नांव येथें देत नाहीं. परंतु त्या रुमालांत जें आढळलें, व जें आढळलें नाहीं, त्याचा संग्राहक मंडळींशीं निकट संबंध आहे. म्हणून हें टिपण.

प्रथम आम्हीं हल्लींची नोंद पाहिली. सातबारा म्हणजे गांवनमुना ७ व १२ यांचा एकत्रित उतारा. पहिल्यांत अधिकारांची नोंद, दुसऱ्यांत पिकांची. अधिकार कसे पालटले तें फेरफाराच्या वहींत, म्हणजे नमुना ६ मध्यें सांपडतें. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला. सध्यां १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू असून तिच्या कलम १५७ प्रमाणें ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' हे शब्द विसरतां कामा नयेत. सारा कोणाकडून घ्यावयाचा हें ठरविण्यासाठीं केलेली नोंद स्वतः स्वामित्व उत्पन्न करीत नाहीं, असें न्यायालयांनीं वारंवार म्हटलें आहे. प्रस्तुत उताऱ्यावर प्रतिपक्षाचें नांव होतें. तें कशानें चढलें म्हणून फेरफार पाहिला, तों 'वारसानें' एवढाच आधार. त्यामागील फेरफारही वारसाचाच. अशा रीतीनें मागें जातां जातां इंग्रजी मोजणीचे कागद लागतात, आणि त्यापलीकडे मोडीवांचून गति नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं हा प्रश्न फार पूर्वीं नीट उलगडला आहे. याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन प्रमाणें सांगून त्यांच्या अभावींच दिव्याची योजना केली. भोगापेक्षां आगम, म्हणजे संपादनाचें मूळ कारण, बलवत्तर. मात्र पूर्वजांच्या क्रमानें चालत आलेला भोग याला अपवाद. उलट पक्षीं, ज्यास अल्पही भोगाची जोड नाहीं तो आगमही दुर्बळच. धन्याच्या देखत दुसऱ्यानें २० वर्षें भूमि उपभोगिली व धनी मूग गिळून राहिला, तर त्याची हानि होते, असेंही त्याचें वचन आहे. पण ही हानि कशाची ? विज्ञानेश्वर मिताक्षरेंत उत्तर देतो कीं, ती फलाची हानि, स्वत्वाची नव्हे. पीक खाणारा एक व धनी दुसरा असूं शकतो, हा भेद कल्याणीच्या त्या पंडितानें सुमारें नऊ शतकांपूर्वीं दाखविला. सातबारा वाचणारानें तोच ध्यानांत धरावयास पाहिजे.

आतां महजराकडे वळूं. वाद उपस्थित झाला म्हणजे गोत जमे. पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे यांची मजालस बसे. अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तक्रिरा व करीने लिहून घेत, निकाल मान्य करण्याबद्दल जामीन घेत, साक्षी पुसत, जुने कागद पाहत आणि मग निवाडा होई. हरलेला जिंकणारास यजितखत लिहून देई. जिंकणारा हरकी भरी, हरलेल्यावर गुन्हेगारी बसे. महजराच्या आरंभीं काल, स्थल व 'हाजीर मजालस' म्हणून सभासदांची नामावळी; मध्यें वादाची हकीकत; शेवटीं निर्णय आणि साक्षी. ज्यांस लिहितां येत नसे ते आपापल्या निशाण्या करीत : पाटलाचा नांगर, कुंभाराचें चाक, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. म्हणजे शास्त्रांतील तिन्ही प्रमाणें एका कागदावर एकत्र येतात. कागद हें लिखित, हकीकतींत भुक्ति, आणि तळाशीं साक्षी. महजराचें मोल या एकत्रपणांत आहे. या कागदांवरून मराठ्यांची न्यायपद्धति किती उभी करतां येते, हें विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनीं १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत दाखविलेंच आहे.

आमच्यापुढील महजर अस्सल दिसतो. कागद जुन्नरी धाटणीचा, अक्षर एकहाती, शक व सुहूर सन यांचा मेळ बरोबर. (सुहूर सनांत मृगाच्या आगेंमागें ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, बनावट कागद करणारे पुष्कळदां येथेंच फसतात.) चुलत्यांचा पूर्वज अग्रवादी. त्याचें म्हणणें कीं, शेत आपलें मिरासीचें. दुष्काळांत परागंदा झालों, परत आलों तों दुसरा वाहीत आहे. पश्चिमवादी म्हणतो, शेत गतकूळ होतें, पाटलानें आपणास लावून दिलें. मिरासदार दीर्घकाळानें परतला तरी त्याचा हक्क मानण्याची वहिवाट होती; तेव्हां अग्रवाद्याची बाजू दुबळी नव्हे. पाटलाची साक्ष झाली, दोघां वृद्धांच्या साक्षी झाल्या, "याउपरी गोतानें मनास आणून" येथवर वाचलें, आणि कागद संपला.

शेवटचा बंद नाहीं. तो फाटला नाहीं, वाळवीनें खाल्ला नाहीं. जोडावर सरळ कापलेला आहे. पुसतां कळलें कीं, पुतण्याच्या आज्यानें निशाण्यांचा तेवढा तुकडा कोणा हौशी गृहस्थास दिला. नांगराचें चित्र सुबक होतें, त्यांना चौकटींत लावावयाचें होतें. "खालीं नुसत्या निशाण्या होत्या, मजकूर सगळा आमच्यापाशीं आहे," अशी म्हाताऱ्याची समजूत. निर्णयाच्या दोन ओळी त्याच बंदावर असल्या पाहिजेत, हें मोडी न येणारास कसें कळावें ?

आम्हीं चुलत्यांस स्पष्ट सांगितलें कीं, तुमचा पूर्वज भांडला एवढें यावरून ठरतें. जिंकला कीं हरला हें ठरत नाहीं. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग रुमाल पूर्ववत् बांधून म्हणाले, "मग हा आजवर देवघरांत कशाला ठेवला ?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

संग्राहकांनीं येथें आणखी एक गोष्ट जाणावी. ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यांतून पुढें आला तर न्यायालयास त्याच्या खरेपणाचें अनुमान करतां येतें. हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही राहिला आहे. कागद मूळ घरांतून निघून चार हात फिरला कीं हा आधार डळमळतो. यास्तव कागद विकत वा देणगी घेतांना तो कोणत्या घरचा, कोणत्या रुमालांतला, बरोबर दुसरे कोणते कागद होते, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, आणि मागें राहणारास निदान पुरी नक्कल द्यावी. जोड तर कधींही कापूं नये.

राहतां राहिली एक विनंति. आमच्यापुढील महजराच्या कापलेल्या जोडावर, पाठीमागील बाजूस, एका अष्टकोनी शिक्क्याचा वरचा अर्धा भाग उमटला आहे. खालचा अर्धा ज्या बंदावर आहे तो कोणाच्या तरी भिंतीवर असेल. ज्या वाचकांपाशीं निशाण्यांचा असा सुटा बंद असेल त्यांनीं तो चौकटींतून काढून एकवार पाठ पाहावी, आणि अर्धा शिक्का दिसल्यास मंडळाकडे लिहावें. कागद मागत नाहीं; वरच्या दोन ओळींची नक्कल पुरे. त्या चुलत्यांच्या विरुद्ध निघाल्या तरी चालतील, असें त्यांनीं जातांना आम्हांस सांगितलें आहे.