‘के. ब्रूस’ ही सही

१४. ‘के. ब्रूस’ म्हणजे चित्रकार केन बाल्ड. ‘डार्क शॅडोज’ या अमेरिकी दैनंदिन मालिकेवरची वृत्तपत्रीय चित्रपट्टी त्यांनी या टोपणनावाने काढली. त्याच काळात दुसऱ्या वितरणसंस्थेसाठी ते ‘डॉ. किल्डेअर’ काढत असल्याने स्वतःचे नाव घालणे शक्य नव्हते. मालिका एबीसी वाहिनीवर जून १९६६ पासून दुपारी लागे. पट्टी मार्च १९७१ मध्ये सुरू झाली आणि २ एप्रिलला मालिकाच संपली! जिच्या प्रसिद्धीसाठी चित्रे काढायची ती पडद्यावरून गेली, तरी बाल्ड जवळपास वर्षभर रेखाटत राहिले. मालिकेतल्या बार्नाबस कॉलिन्स या पात्राचे त्यांनी काढलेले रूप जरूर निरखून पाहावे : कपाळावर उतरलेल्या टोकदार बटा, लांडग्याच्या डोक्याची मूठ असलेली काठी, आणि दोनशे वर्षांच्या रक्तपिपासूच्या चेहऱ्यावरचे दुःख. ही भूमिका करणारे नट जोनाथन फ्रिड यांचा चेहरा इतक्या ममतेने क्वचितच कुणी रेखाटला असेल. अशा कामाला नुसती जाहिरात म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. ‘गोल्ड की’ या प्रकाशनाची ‘डार्क शॅडोज’ चित्रपुस्तके वेगळी, ती १९६९ ते १९७६ या काळात निघाली. सुरुवातीच्या अंकांवर छायाचित्रे आहेत, रंगवलेली मुखपृष्ठे नंतर आली.