साखर, रेशन आणि कर

कराचा इतिहास म्हटला कीं खजिन्याचाच इतिहास आठवतो. परंतु उत्पन्न घटलें तरच यशस्वी समजावा, असाही एक कर आहे. तो म्हणजे ब्रिटनमधील गोड पेयांवरील कर. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

साखर व सरकार यांचा संबंध त्या देशांत जुना आहे. साखरेवरील जकात १८७४ सालीं रद्द झाली. बोअर युद्धाच्या खर्चासाठीं १९०१ सालीं ती पुन्हां बसली. दोन्ही वेळीं विचार झाला तो पैशाचा, प्रकृतीचा नव्हे.

पुढें महायुद्ध आलें. जानेवारी १९४० मध्यें साखरेचें रेशनिंग सुरू झालें, तें सप्टेंबर १९५३ मध्यें उठलें. हेतु टंचाई निभावण्याचा होता. पण त्यांतून नकळत एक मोठा प्रयोग घडला. रेशन उठतांच माणशीं रोजची साखर सुमारें ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमच्या घरांत गेली. त्या काळाच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची तुलना करणारें संशोधन २०२४ मध्यें प्रसिद्ध झालें. गर्भधारणेपासूनचे पहिले हजार दिवस ज्यांचे रेशनांत गेले, त्यांना पुढें मधुमेहाचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं व रक्तदाबाचा सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळला.

आतां कराकडे वळूं. मार्च २०१६ मध्यें अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनीं तो जाहीर केला. अंमल ६ एप्रिल २०१८ पासून झाला. १०० मिलिलिटर पेयांत साखर ५ ग्रॅमपेक्षां कमी असल्यास कर नाहीं. ५ पासून ८ ग्रॅमच्या आंत असल्यास आरंभीं लिटरला १८ पेन्स होते. ८ वा अधिक असल्यास आरंभीं २४ पेन्स होते. कर गिऱ्हाइकाकडून नव्हे, कारखानदाराकडून घ्यावयाचा, आणि मधली दोन वर्षें सुधारण्यासाठीं! बहुतेकांनीं कर भरण्याऐवजीं साखरच कमी केली. स्कॉटलंडच्या आवडत्या ‘आयर्न-ब्रू’मधील साखर १०.३ ग्रॅमवरून ४.७ वर आली, तेव्हां कित्येक रसिकांनीं जुन्या बाटल्या घरांत साठविल्या! सरकारनें प्रथम ५२ कोटी पौंडांचें उत्पन्न अपेक्षिलें होतें. तो अंदाज पुढें २४ कोटींवर आणावा लागला. खजिन्याची तूट हाच येथें लाभ.

आक्षेपक म्हणतात, असा भार गरिबांवर पडतो. आक्षेप रास्त आहे. पण साखरेच्या रोगांचा भारही त्यांच्यावरच अधिक पडतो. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दहा-अकरा वर्षांच्या मुलींतील लठ्ठपणा सुमारें ८ टक्क्यांनीं कमी आढळला, आणि तोही गरीब वस्त्यांत सर्वांत जास्त. मुलग्यांत मात्र फरक दिसला नाहीं. म्हणजे हा कर रामबाण नव्हे.

आपल्याकडे २०१७ पासून कार्बनयुक्त पेयांवर एकूण ४० टक्के करभार आहे. पण बाटलींत साखर किती, याचा त्यांत हिशेब नाहीं. साखर निम्मी करणाऱ्या कारखानदारास त्यापासून काय लाभ?

मीं आयुष्यभर मुलें शिकविलीं. शिक्षेची धास्ती दाखवून सुधारण्यास अवधि द्यावा, आणि सुधारलेल्यास शिक्षा माफ करावी, हा वर्गांतला जुना नियम आहे. राज्यकर्त्यांनींही तो ध्यानांत घ्यावा, एवढेंच सुचवून आपली रजा घेतों.