सांबार, संभाजीराजे आणि कुकरची शिटी

परवा रविवारी आमच्याकडे इडली-सांबाराचा बेत होता. कुकरच्या तीन शिट्या झाल्या आणि पाहुण्यांपैकी एकाने ती गोष्ट काढलीच. ‘सांबार हे मूळचं मराठी बरं का! संभाजी महाराजांवरून नाव पडलं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग मात्र राहवेना.

वाचकहो, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. तंजावरचे शहाजीराजे हे व्यंकोजीराजांचे चिरंजीव, म्हणजे संभाजी महाराजांचे चुलतभाऊ. महाराज त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. शहाजीराजे आमटी करायला बसले, तर कोकणातून येणारी सोलं संपलेली. कोणीतरी चिंच सुचवली. आमटी उत्तम झाली आणि पाहुण्यांच्या नावावरून ती ‘सांबार’ झाली.

गोष्ट गोड आहे. पण सनावळी मांडून बघू. शहाजीराजे गादीवर आले ते 1684 साली. संभाजी महाराजांची हत्या झाली 1689 मध्ये. म्हणजे मेजवानीला जागा उरते ती जेमतेम पाच वर्षांची. या काळात महाराज कुठे होते, हे आपल्या गोव्याने तर पाहिलेलेच आहे. 1683 च्या नोव्हेंबरात त्यांनी जुवे बेट घेतले आणि पोर्तुगीजांची झोप उडवली. मोगल फौज घाट उतरून आली म्हणून 1684 च्या आरंभी त्यांना मागे फिरावे लागले. पुढे औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला. अशा धामधुमीत कावेरीकाठी जाऊन जेवायला सवड मिळालीच नसेल असे मी म्हणत नाही, पण त्या भेटीचा आणि त्या आमटीचा समकालीन पुरावा अजून पुढे आलेला नाही.

मग शब्दाचे काय? संस्कृतात ‘संभार’ म्हणजे सामग्री, जमवाजमव. वऱ्हाडात आजही कोथिंबिरीला ‘सांभार’ म्हणतात. तेव्हा हा शब्द एखाद्या राजाच्या नावातून आला असे मानण्यापेक्षा मसाल्याच्या सामग्रीतून आला असे मानणे मला अधिक सरळ वाटते.

आता गंमत बघा. इकडे ही मेजवानी झाली असे आपण समजतो, जवळपास त्याच वर्षांत तिकडे लंडनमध्ये कुकर जन्माला येत होता! देनी पापँ या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले. कोंडलेल्या वाफेने त्यात हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून त्याने वाफ सोडणारी झडपही बसवली. 1682 च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या मंडळींनी त्यात शिजवलेले जेवण घेतले आणि जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत ते नोंदवून ठेवले. त्या जेवणाचा लेखी पुरावा आहे. आपल्या जेवणाचा नाही.

हे भांडे तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात यायला मात्र पावणेतीनशे वर्षे लागली. हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही कुकर आपल्याकडे 1959 मध्ये सुरू झाले. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांवर उकळते, कुकरमध्ये ते सुमारे 120 अंशांपर्यंत जाते. त्यामुळे तासभर रटरटणारी तुरीची डाळ पंधरा-वीस मिनिटांत गळून जाते.

आणि इथे चिंच परत येते. आंबट घातले की डाळ लवकर शिजत नाही, कडधान्याच्या साली कडकच राहतात. म्हणून जाणती बाई कुकरात डाळ, हळद आणि हिंग एवढेच घालते. चिंचेचा कोळ, सांबारपूड आणि शेवग्याच्या शेंगा वेगळ्या पातेल्यात उकळते, मग दोन्ही एकत्र करते. शेंगा कुकरात घातल्या तर त्यांचा नुसता चोथा होतो. आमची आजी आमटीत सोलं शेवटी घालायची, तिचे शास्त्र तेच. तिला फक्त अंशांचा हिशेब ठाऊक नव्हता.

सांबारपुडीतल्या लाल मिरचीत मात्र आपला खरा वाटा आहे. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेहून या किनाऱ्यावर आली.

मग तंजावरचा अभिमान सोडायचा का? मुळीच नाही. तिथे भोसल्यांचे घराणे 1855 पर्यंत टिकले. सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मराठी पोथ्या आणि मोडी कागद आहेत. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. एवढा लांबलचक मराठी शिलालेख तमिळ मुलखात उभा आहे, पण तो पाहून आलेले लोक मला क्वचित भेटतात. सांबाराची गोष्ट सांगणारे रोज भेटतात. दगडाला फोडणीचा वास नसतो, त्याला तो तरी काय करणार!

गोष्ट जरूर सांगावी, पण गोष्ट म्हणून सांगावी. आणि ती सांगताना त्या भिंतीचीही आठवण काढावी. असो. पाहुण्यांना मी यातले काही बोललो नाही. सांबार थंड होत होते.