आई-वडील गावी एकटे राहू शकतात का? हे मोजायचं कसं?

माझी आई मिरजगावात एकटी राहते. वय 76. थोरला भाऊ म्हणतो, तिला पुण्याला आणू. आई म्हणते, मला काय धाड भरलीय? वाद दर दिवाळीला होतो आणि पुरावा कुणाकडेच नसतो. म्हणून या खेपेला मी वही, मोबाईलमधलं स्टॉपवॉच आणि दोन जुन्या प्रश्नावल्या घेऊन गेलो.

पहिली सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांची, 1963 सालची. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. प्रत्येकी एक गुण. आईला सहापैकी सहा. पण एवढ्यावरून माणूस एकटा राहू शकतो हे ठरत नाही. फक्त अंगाची कामं जमतात एवढंच कळतं.

खरी गंमत दुसरीत आहे, लॉटन आणि ब्रॉडी यांच्या 1969 च्या प्रश्नावलीत. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा व्यवहार अशी आठ कामं. पूर्वी पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं विचारतच नसत, त्यांचा हिशोब पाचात! आता सगळ्यांना आठही विचारतात, आणि विचारायलाच हवेत. आई गेल्यावर एकटे पडलेले वडील उपाशी राहतात ते इथंच कळतं.

आईला आठापैकी सहा पडले. खरेदीत शून्य, कारण सगळा बाजार स्वतः केला तरच गुण मिळतो. ती कोपऱ्यावरून चहा-साखर आणते, पण आठवडी बाजाराची पिशवी शेजारचा मुलगा आणतो. औषधातही शून्य: गोळ्या कुणीतरी वेगळ्या काढून ठेवल्या तरच ती बरोबर घेते. हे मला माहीतच नव्हतं. फोनवर रोज "गोळी घेतली का?" विचारायचो, ती "हो" म्हणायची.

फोनला मात्र पूर्ण गुण, कारण नुसता उचलता आला तरी या प्रश्नावलीत एक गुण मिळतो. 1969 साली ठीक होतं. आज बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागणाऱ्याचा फोनही तसाच उचलला जातो. म्हणून मी एक प्रश्न वाढवला: ओटीपी मागितला तर काय करशील? आई म्हणाली, "नंबरच मागतोय ना, देईन की." तिथंच 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला.

मग चालण्याची चाचणी. हाताच्या खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. नेहमीच्या चपला, नेहमीची चाल. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आईला 14 लागले. बाजेवरून उठवून मोजू नका, उंची वेगळी असते. आयफोन चालण्याचा तोल आपोआप मोजतो (आयओएस 15 पासून), पण त्यासाठी फोन कमरेजवळ खिशात हवा. लुगड्याला खिसा कुठाय?

या प्रश्नावल्या अमेरिकन घरं डोळ्यांपुढे ठेवून केल्यात. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगड भागात, न शिकलेल्या वृद्धांसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली, ती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा उद्देश स्मृतिभ्रंश ओळखणं. घरच्यांना विचारतात: गावात वाट चुकतात का, जेवल्याचं विसरतात का, लग्नकार्यात मत देतात का? आई मत देते, जरा जास्तच देते.

हे आकडे म्हणजे निदान नव्हे. एखादं जमणारं काम अचानक जमेनासं झालं, तर आधी डॉक्टर. गोळ्या, डोळे, ऐकू येणं हेही तपासून घ्या. बाकी मदतीसाठी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

सध्या ती मिरजगावातच आहे. न्हाणीत दांडा बसवलाय, सकाळ-संध्याकाळच्या कप्प्यांची डबी आणलीय, ती दर रविवारी शेजारच्या काकू भरतात. संक्रांतीला पुन्हा खुर्ची मांडणार आहे. भावाला म्हटलंय, स्टॉपवॉच तू धर.