बीटा पेशीच्या मागावर

११ जानेवारी १९२२. मुलांचे मधुमेहतज्ज्ञ असलेले तुम्ही टोरांटो जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डात उभे आहात. खाटेवर चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन. वजन २९ किलो, केस गळालेले, पोट तेवढं पुढे आलेलं. त्याच्या श्वासाला ॲसिटोनचा वास येतोय आणि त्याचा अर्थ तुम्हाला कुणी सांगायला नको. उपचार म्हणून त्याला उपाशी ठेवलंय. दिवसाला ४५० कॅलरी!

शिकाऊ डॉक्टर बैलाच्या स्वादुपिंडाचा तपकिरी, दाट अर्क सिरिंजमध्ये ओढतो आणि दोन्ही कुल्ल्यांत टोचतो. साखर थोडी उतरते, पण टोचल्या जागी गळू धरतं. तुम्ही बारा दिवस पुढे सरका. आता अर्क जेम्स कॉलिपने शुद्ध केलेला आहे. लघवीतली साखर जवळजवळ नाहीशी होते, पोराला तरतरी येते. (हा अर्क म्हणजेच इन्सुलिन. त्याच्या शोधासाठी पुढच्या वर्षीचं नोबेल बॅन्टिंग आणि मॅक्लिऑड या संशोधकांना. कॉलिपच्या वाट्याला मॅक्लिऑडने आपल्या रकमेतून दिलेला हिस्सा.) लिओनार्ड आणखी तेरा वर्षं जगला. इन्सुलिन बाहेरून मिळालं. ते बनवणाऱ्या बीटा पेशी काही परतल्या नाहीत.

मग बॉस्टन. १९२४ साली मधुमेहतज्ज्ञ जोस्लिनच्या दवाखान्यात डॉक्टर प्रिसिला व्हाइट रुजू होतात. काचेच्या सिरिंज उकळताहेत, बोथट सुयांना दगडावर धार लावली जातेय. एरवी दगावल्या असत्या त्या मुली मोठ्या होतात, त्यांना दिवस जातात आणि बाईंना नवा विषय मिळतो: मधुमेही गरोदरपण.

आता २००४, हार्वर्ड. डग्लस मेल्टन मूळचे बेडकांच्या भ्रूणांचे अभ्यासक. त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला टाइप वन मधुमेह निघाला आणि त्यांनी विषयच बदलला. त्यांच्या प्रयोगशाळेत युव्हाल डोर उंदरांच्या बीटा पेशींवर पुढच्या पिढ्यांतही उतरणारी खूण करतो. नव्या पेशी स्टेम सेलपासून येत असतील, तर खुणेवाल्यांचं प्रमाण घटायला हवं. ते घटत नाही. म्हणजे बीटा पेशी बीटा पेशीपासूनच होते. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सर्वांत देखणा प्रयोग हाच. पण टाइप वनमध्ये बीटा पेशी जवळपास उरतच नाहीत, दुभंगायचं कुणी?

शेवटचा थांबा २०२५. स्टेम सेलपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशींचा पूर्ण डोस १२ जणांना दिला. वर्षभरानंतर त्यांपैकी दहा जणांचं इन्सुलिन सुटलेलं होतं. सगळे प्रौढ, सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू. वाढत्या वयाच्या मुलाला ती औषधं द्यायला तुम्ही धजावणार नाही. उद्या ओपीडीत येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला तुम्ही इन्सुलिनच लिहून द्याल, आणि तेच बरोबर आहे.