सहा दिवस कुणाला कळलंच नाही

तुमच्या खात्यातून पाचशे रुपये गेले तरी फोन लगेच वाजतो, हो ना? आता हे पाहा. २३ मार्च २०२२ला ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या खेळाच्या रोनिन ब्रिजवरून १,७३,६०० इथर आणि २.५५ कोटी यूएसडीसी चोरीला गेले. फक्त दोन व्यवहारांत! नऊपैकी पाच व्हॅलिडेटरांच्या किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या होत्या. आणि कळलं कधी? २९ मार्चला, एका वापरकर्त्याला ५,००० इथर काढता येईनात तेव्हा.

गंमत म्हणजे दोन्ही व्यवहार इथेरियमवर कुणालाही दिसत होते. मग अडलं कुठे? स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट ‘इव्हेंट’ नोंदवतं, पण स्वतः एसएमएस पाठवू शकत नाही. त्यासाठी ब्लॉकचेनबाहेर एक प्रोग्राम लागतो. तो प्रत्येक नवा ब्लॉक वाचतो आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठी रक्कम बाहेर जाताना दिसली की एसएमएस सेवेला कळवतो. मोठ्या रकमांवर अशी नजर ठेवणारी नीट व्यवस्था नव्हती, हे स्काय मेव्हिस कंपनीनं नंतर मान्य केलं.

धडा एवढाच: वही सगळ्यांसाठी उघडी आहे, म्हणजे ती कुणी वाचतंय असं नव्हे.